उणे अडतीस

४ फेब्रुवारी

धाकट्या,

खुशाली मागच्या पत्रात कळवली होती, तीच अजून चालू आहे असं समज. आज काम आहे म्हणून लिहितेय. फोन का नाही केला ते विचारू नकोस. तू तिकडे धरणाच्या छावणीवर, रेंज मिळवायला टेकडी चढणार, आणि इकडे माझ्या कानांतून निम्मे शब्द गळणार. त्यापेक्षा कागद बरा. गावोगाव वायरलेस बसवत फिरणाऱ्या माझ्या भावाला स्वतःला फोनची रेंज नाही, हे मी इथे सगळ्यांना हसून सांगते.

तर काम असं. आपल्या अभ्यासिकेच्या इंटरनेटवरून कोणीतरी नको ते उतरवून घेतंय, असं कंपनीने कळवलंय. पुन्हा झालं तर लाइन तोडू म्हणतात. मुलं आधीच कुरकुरत होती की नेट रांगतंय. ह्यांचं तर विचारूच नकोस. सकाळपासून खालच्या हॉलमध्ये येरझारा चालल्यात आणि तोंडात एकच वाक्य, लाइन गेली की मुलं जाणार आणि मुलं गेली की अभ्यासिकेला टाळं.

पासवर्ड बदलायला हवा एवढं मलाही कळतं. पहिल्यापासून एकच आहे आणि अर्ध्या गल्लीला तोंडपाठ आहे. आपले ते तीन पांढरे डबे, खालच्या हॉलमधला, मधल्या मजल्यावरचा आणि अगदी वरचा, तिन्हींचा बदलायचा ना? नीट समजेल असं लिही. कॉम्प्युटरवर डब्यांचं ते पान मला उघडता येतं. रोजच उघडते.

आणि एक विचारायचं होतं. पासवर्ड बदलला तरी आधीपासून जे आत येतात, त्यांतल्या एखाद्याला तसंच येऊ देता येतं का? सहज विचारलं.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

अर्धाच नमस्कार करतोय, कारण चिडलोय. इतकी वर्षं एकच पासवर्ड! मी तुझा भाऊ आहे हे इथे कोणाला सांगू नकोस.

आता लक्ष देऊन वाच. त्या पानावर 'सुरक्षा' असं लिहिलेलं असेल, तिथे जा. एक यादी उघडेल. सध्या तुझ्याकडे डब्ल्यूपीए टू निवडलेलं असणार. फोन आणि डबा हवेतून एकमेकांशी जे बोलतात, ते तिसऱ्याला कळू नये म्हणून ही गुंतागुंत असते. टू जुनी पद्धत, थ्री नवी आणि जास्त पक्की. तू थ्री निवड. मग नवा पासवर्ड टाक. लांबलचक टाक आणि कोणाचाही वाढदिवस नको. हे पान उघडायचा जो वेगळा पासवर्ड आहे, तोही बदल, तो अजून कारखान्यातून आला तसाच असणार. शेवटी 'जतन करा' दाब आणि डबे चालू होईपर्यंत शांत बस. वायर उपटू नकोस.

तुझ्या सहज विचारलेल्या प्रश्नाने माझं डोकं भंजाळलं. कुलूप बदलायचं पण जुन्या किल्लीने उघडलं पाहिजे, अशी मागणी आजवर कोणी केलेली नाही. कशाला हवंय तुला हे? आणि त्या पानावर रोज काय बघतेस? तिथे आकड्यांशिवाय काही नसतं.

डबे टिल्लूने बसवले होते ना? काम नीट केलंय पठ्ठ्याने. चुकून नाव निघालं बघ. पत्र भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस, नाहीतर माझंही नाव घरात घ्यायची बंदी व्हायची.

तुझा धाकटा

२४ फेब्रुवारी

धाकट्या,

झालं तुझ्या मनासारखं. आधी मी खालच्याच डब्याचं थ्री केलं आणि वरचे दोन तसेच राहिले, मग मधल्याचा पासवर्ड टाकताना एक अक्षर चुकलं, मग मुलं जिन्यावरून वरखाली करायला लागली, वर गेलं की नेट जातंय आणि खाली आलं की येतंय म्हणून. मलाच कळेना मी कुठे काय केलंय. अखेर तिन्ही सारखे झाले. भिंतीवर चिकटवायचा नाही असं ठरवून नवा पासवर्ड मी प्रत्येकाला माझ्या टेबलापाशी बोलावून सांगते.

चोरही सापडला. दुसऱ्या दिवशी शेजारचा शिंपी आला, "वहिनी, आमचं नेट बंद पडलंय, जरा बघता का?" आमचं नेट! त्याचे दोन्ही कारागीर दिवसभर आपल्या लाइनवर सिनेमे उतरवत होते. मी असं काही फैलावर घेतलं की आल्या पावली दुकानात पळाला. हे खूश व्हायला हवे होते. नाही झाले. उलट मला म्हणाले, जुनं होतं ते काय वाईट होतं? माणसाने लाइन वाचवावी तर ही तऱ्हा.

आता मुद्द्याचं. यादीत एक फोन रोज दिसायचा तो दिसेनासा झालाय. अभ्यासिकेतल्याच एका मुलाचा आहे. दुपारी चारच्या सुमाराला यायचा, वरच्या डब्यावर. शेजारी आकडा असायचा, उणे अडतीस, कधी उणे चाळीस. म्हणजे बराच लांबून येत असणार बिचारा. जुना पासवर्ड परत लावला तर तो परत दिसेल का? की मशीन त्याला कायमचं विसरलं असेल?

लवकर लिही. 

ताई

५ मार्च

ताई,

शिंप्याचं वाचून छावणीत एकटाच हसत बसलो. शाबास.

पण पुढचं वाचून काही उमगेना. मुलगा अभ्यासिकेतला आहे तर तुझ्या टेबलापाशी येऊन नवा पासवर्ड घेईल की! जो चोरून यायचा तोच येईनासा होतो. तुला कोणाची तरी दया आलीय आणि तू माझ्यापासून लपवतेयस. वर 'बिचारा' म्हणतेस. त्या बिचाऱ्याने उद्या तुझ्या लाइनवरून भलतं काही केलं तर पोलीस भाऊजींच्या दारात येतील, त्याच्या नाही. जुना पासवर्ड परत लावायचा नाही म्हणजे नाही. माझी शपथ आहे.

कोण आहे हा मुलगा? सरळ सांग.

धाकटा

१४ मार्च

धाकट्या,

सरळ सांगते. यादीत त्या फोनचं नाव 'टिल्लूचा फोन' असं आहे.

तुझ्याशी खोटं बोलले, पण कागदावरसुद्धा हे नाव लिहायची सवय गेलीय रे. ज्या दिवशी तो परीक्षेचा नाद सोडतो म्हणाला आणि ह्यांनी, दुसऱ्यांची पोरं माझ्या छपराखाली शिकून साहेब होतात आणि माझंच पोर पळ काढतं, असं सगळ्या हॉलसमोर सुनावलं, त्या दिवशी तो घर सोडून गेला, त्याला दोन वर्षं झाली. नंबर बदलला. कुठे आहे, काय खातो, काही ठाऊक नाही. घरात नाव काढायचं नाही हा ह्यांचा हुकूम, आणि मीही मुकाट्याने पाळला.

गेल्या वर्षी एकदा नेट अडलं म्हणून मी ते पान उघडलं आणि यादीत हे नाव. चष्मा पुसून ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी परत, त्याच वेळेला. तेव्हापासून रोज बघते. मला वाटलं, वरचा डबा उंचावर आहे म्हणजे त्याचं लांबवर पोचत असणार, आणि उणे म्हणजे कमी, म्हणजे पोरगं पार चौकाच्या पलीकडे उभं राहत असणार. घराकडे बघत असेल, वर यायचा धीर होत नसेल. भाजीच्या निमित्ताने मी कितीदा चौकात जाऊन आले. बसच्या रांगेतला एकेक चेहरा पाहिला. एकदा तर पाठमोऱ्या भलत्याच मुलाला हाक मारली. तो वळला आणि मी वेळ विचारून परत आले. तिकडून घरी येऊन यादी पाहावी तर फोन लागलेलाच! म्हणजे मी चौकात होते तेव्हा तो कुठे होता? मला काही म्हणता काही कळत नाही.

आता तोही नाही. तू शिकवलंस तसं केलं आणि माझ्याच हाताने मी पोराला दाराबाहेर काढलं. तो येऊन उभा राहिला असेल, फोन लागला नसेल, आणि त्याला वाटलं असेल की आईनेही कुलूप बदललं. तेवढा एकच धागा होता माझ्याकडे. तू शपथ घातलीस म्हणून अजून थांबलेय, पण फार दिवस थांबता येणार नाही.

ह्यांचंही काहीतरी बिनसलंय. जेवण अर्ध्यात टाकतात, मुलांवर खेकसतात. दुपारची झोपही नीट होत नाही म्हणतात. सगळं एकदमच आलंय अंगावर.

ताई

२२ मार्च

ताई,

शपथ मागे घेतली. मला आधीच सांगायचं होतंस गं. शिंपी, पोलीस काय काय बरळलो मी.

आता सांगतो ते सावकाश वाच, कारण मी हे तीनदा लिहून फाडलंय. त्या यादीतला आकडा नेहमी उणेच असतो. जवळच्या फोनचाही उणे, लांबच्याचाही उणे. शून्याच्या जितका जवळ, तितका फोन डब्याच्या जवळ. रस्त्यापलीकडचा फोन उणे ऐंशी, नव्वद दाखवेल, तेही लागला तर. उणे अडतीस म्हणजे मध्ये भिंतसुद्धा नाही. ताई, तो फोन चौकात नव्हता. घरात होता. वरच्या खोलीत, डब्यापासून दोन हातांवर.

टिल्लू जाताना फोन घेऊन गेला होता का? आठवून बघ. आणि दुपारी चारला वरच्या खोलीत कोण असतं, तेही बघ. मी इथून नाव घेत नाही. मला जे वाटतंय ते चूक असेल तर तुझ्या घरात उगाच आग लावल्यासारखं व्हायचं.

तुझी आशा मोडली, ह्याचं फार वाईट वाटतंय. पण खोट्या जागी पोराला शोधत तू चौकात उभं राहावंस, हे मला सोसणार नाही.

फोन जुना असेल तर त्याला थ्री समजतच नाही, पासवर्ड बरोबर टाकला तरी तो लागणार नाही. यादीत टू आणि थ्री दोन्ही मिळून असा एक पर्याय असतो. तो निवड. पासवर्ड मात्र नवाच राहू दे.

धाकटा

२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझाच राग आला. छावणीत बसून माझ्या घरातल्या खोल्या मोजतोय म्हटलं. मग बसल्या बसल्या आठवलं. टिल्लूने जाताना फोन टेबलावर आपटला होता. "तुम्ही घेऊन दिलेलं काही नको मला," म्हणाला होता. त्या फोनचं पुढे काय झालं, हे मी कधी कोणाला विचारलंच नाही.

आणि वरच्या खोलीत चारला कोण असतं? हे असतात. जुने पेपर आणि मोडकी बाकं ठेवलेली खोली ती. खाली मुलांचा गलका असतो म्हणून तिथे पाठ टेकायला जातात, असं मी समजत होते.

मी काही विचारायच्या आधीच परवा हे खाली आले. मी टेबलाशी बसले होते. समोर उभे राहिले आणि खिशातून तो फोन काढून माझ्यापुढे धरला. काचेला कोपऱ्यात तडा आहे, त्यावर चिकटपट्टी लावलीय.

"हा लागत नाही," म्हणाले. "नवा पासवर्ड मुलांकडून ऐकून टाकला मी. तरी घेत नाही. बघ जरा."

राग म्हणू की काय म्हणू, मलाच कळेना. पण हात चालत होते. तू लिहिलेला तो दोन्ही मिळूनचा पर्याय तिन्ही डब्यांवर लावला. ह्यांनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी घेतली. फोन लागला आणि त्यात फोटो यायला लागले. एकामागून एक, इतक्या दिवसांचे अडकलेले.

टिल्लूचं फोटोंचं खातं त्या फोनवर तसंच उघडं राहिलंय. तो तिकडे आपल्या नव्या फोनवर जे काढतो, ते इकडे ह्याच्यातही येतं. हे मला ह्यांनी समजावून सांगितलं. ह्यांनी! ज्यांना टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, त्यांनी.

फोटो कसले म्हणशील तर मला निम्मे कळलेच नाहीत. विहिरीत वाकून काढल्यासारखं काहीतरी, खोल काळोख आणि मधोमध जाड तारा. मोठं चाक. तेलाने माखलेला हात. मी म्हटलं, हे काय आहे? तर हे म्हणाले, "लिफ्ट. लिफ्ट दुरुस्त करतो तो. ही नवीन पद्धतीची आहे, मागच्या महिन्यापर्यंत जुन्या इमारतीत होता." एखादा मास्तर धडा शिकवतो तसे दाखवत होते. ही त्याची खोली. हा स्टोव्ह, आधीचा गळत होता म्हणून नवा घेतला. इथे ताप आला होता बहुतेक, आठवडाभर एकही फोटो नव्हता आणि मग हा औषधाच्या बाटलीचा. सगळं पाठ. फक्त चेहरा कुठे नाही. सगळ्या जगाचे फोटो काढतो आणि स्वतःचा एक काढत नाही.

मी विचारलं, मला का नाही दाखवलं? म्हणाले, "नाव काढायचं नाही असं मीच म्हटलं होतं ना. आता मोडू कोणत्या तोंडाने?" आणि चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

धाकट्या, मी एक वर्ष चौकात आणि हे माझ्याच डोक्यावरच्या खोलीत. ह्याला काय म्हणायचं तूच सांग. मी रडलेही आणि ह्यांना नाही नाही ते बोललेही. आता रोज चारला दोघं वर जातो. पण हे फक्त बघतात. काही कळवायचं नाही म्हणतात, त्याला कळलं की आपण असं चोरून बघतो तर हेही बंद करेल. मलाही तीच धास्ती आहे.

ताई

११ एप्रिल

ताई,

पत्र वाचून मी उठून बाहेर गेलो आणि उगाच खांबाचे बोल्ट तपासत बसलो. भाऊजींबद्दल मी आजवर जे काही बोललो असेन ते विसरून जा.

एक गोष्ट तुम्हा दोघांना माहीत नाही, ती सांगतो. त्याच्याकडे त्याच्या खात्याचं एक पान असतं, तुझ्या डब्यांचं आहे तसंच. त्यात लिहिलेलं असतं, खातं कोणकोणत्या फोनवर उघडं आहे आणि प्रत्येक फोन शेवटचा कधी चालू झाला. हा जुना फोन तिथे दिसत असणार, रोज दुपारी चार. जो मुलगा तुमच्या घरी तीन डबे असे बसवून गेला, तो हे पान बघत नसेल, हे मला कोणी सांगू नये. तो फोन खात्यातून काढून टाकायला एक बटण दाबावं लागतं. दोन वर्षांत त्याने ते दाबलेलं नाही.

भाऊजींना हे वाचून दाखव. 

धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

वाचून दाखवलं. हे बाकावर बसले होते. मला परत वाचायला लावलं, ते बटणाचं तेवढंच. मग म्हणाले, "म्हणजे त्याला ठाऊक आहे?" मी म्हटलं, धाकटा तसं म्हणतोय. "पहिल्यापासून?" मी म्हटलं, असेल. मला वाटलं आता हे चिडणार, आपल्याला खेळवलं म्हणून. काही सांगता येत नाही ह्यांचं.

पण चिडले नाहीत. मला म्हणाले, नीट बस, पदर सारखा कर. आणि फोन उलटा धरून आमचा दोघांचा फोटो काढायला लागले. पहिल्यात नुसतं छत आलं. दुसऱ्यात ह्यांचा अंगठा. तिसऱ्यात आम्ही आलो, म्हणजे हे पूर्ण आले आणि माझा एक कान कापला गेला. तोच ठेवला. फोटोवर ते गोल चक्र फिरत राहिलं, मग थांबलं, आणि बरोबरची खूण आली. गेला त्याच्याकडे, म्हणाले. मला कळेना की आनंद करायचा की घाबरायचं. त्या रात्री दोघंही नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी काही आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही, लिफ्टसुद्धा नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दाबलं त्याने बटण, म्हटलं. हे म्हणाले, फोनवर त्याचं खातं तर अजून उघडतंय. पण आवाजात काही जोर नव्हता.

काल चारला वर गेलो. फोन लागला आणि एकच फोटो आला. टिल्लूचा चेहरा. कुठल्यातरी जिन्यात उभा राहून काढलाय, मागे भिंतीशिवाय काही नाही, आणि सरळ आमच्याकडे बघतोय. बारीक झालाय रे. गालफडं वर आलीत. डोळे माझ्या माहेरचे, ते तसेच आहेत. मी किती वेळ त्या तडा गेलेल्या काचेवरून बोट फिरवत होते कोण जाणे, तर त्याने फोटो लहानमोठा व्हायला लागला आणि हे ओरडले, पुसशील तो, सोड.

मग स्वतःच फोन घेऊन खिडकीच्या उजेडात गेले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"टिल्लूचे केस फार वाढलेत," म्हणाले.

ह्यांच्या तोंडून ते नाव मी दोन वर्षांनी ऐकलं.

ताई